चौरस फुटांपासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत: घराच्या ऑनलाइन जाहिरातीतील बारकावे

प्रश्न: नाशिकच्या इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत २०११ मध्ये पूर्ण झाली. पुण्याला मुलाकडे राहायला जायचे ठरल्यामुळे फ्लॅट ५० लाख ५१ हजार रुपयांना विकायचा आहे. चार महिन्यांपूर्वी भाच्याने तीन संकेतस्थळांवर जाहिरात टाकली आणि दोन एजंटांनाही सांगून ठेवले. जाहिरात पाहणारे पुष्कळ आहेत, फोनही येतात. पण घर पाहायला मोजकेच लोक आले आणि त्यांपैकी एकानेही पुन्हा फोन केला नाही. किंमत कमी करावी, की जाहिरातीतच काही चुकते आहे? मजकूर, नऊ छायाचित्रे, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा) आणि करारनाम्याचे क्षेत्रफळाचे पान सोबत पाठवले आहे.

उत्तर: आपण पाठवलेला मजकूर मी दोनदा वाचला आणि छायाचित्रे मोबाइलऐवजी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहिली, कारण पन्नास लाखांचा व्यवहार करू पाहणारा माणूसही शेवटी तसेच करतो. किंमत इतक्यात उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फोन येतात, याचा अर्थ परिसर आणि किमतीचा अंदाज लोकांना पटलेला आहे. घर पाहून गेलेला माणूस पुन्हा फोन करत नाही, याचा अर्थ त्याने जे वाचले आणि जे पाहिले त्याचा मेळ बसला नाही. नाशिकमध्ये घरांच्या खरेदी-विक्रीचे काम करताना गेल्या बावीस वर्षांत मी हेच पाहत आलो आहे की, खरेदीदार मोठ्या दोषाने बिचकत नाही तितका लहानशा विसंगतीने बिचकतो. दोष दिसला तर तो त्याची किंमत करतो आणि तेवढे पैसे कमी करायला सांगतो. विसंगती दिसली की आणखी काय काय दडवले असेल याचा हिशेब त्याला करता येत नाही आणि तो मुकाट्याने निघून जातो.

सुरुवात क्षेत्रफळापासून करतो, कारण सर्वांत महागात पडलेली चूक तिथे आहे. जाहिरातीत '१०५० चौ. फूट कार्पेट' असे लिहिले आहे. आपल्या इंडेक्स टूमध्ये बांधीव क्षेत्र, म्हणजे भिंतींसह धरलेले क्षेत्र, ७८.०५ चौरस मीटर आहे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून हे क्षेत्र सुमारे ८४० चौरस फूट होते. करारनाम्यातील चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट, ६२.४० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६७२ चौरस फूट आहे. मग १०५० आले कुठून? ८४० वर जिना, पॅसेज, लिफ्ट वगैरेंसाठी पंचवीस टक्के चढवले की बरोबर १०५० होतात. बिल्डरने त्या काळी 'सेलेबल' म्हणून सांगितलेला तो आकडा असणार, घरात इतकी वर्षे तोच बोलला गेला आणि भाच्याने तोच संकेतस्थळाच्या 'कार्पेट' या रकान्यात भरला. यात कोणाचाही खोटेपणा नाही, हे मला समजते. पण वाचणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

आता त्याच्या बाजूने पाहा. जाहिरात वाचून तो मनाशी ४,८१० रुपये चौरस फूट असा दर काढतो, 'इंदिरानगरमध्ये कार्पेटला हा दर म्हणजे स्वस्तच' असे म्हणून उत्साहाने फोन करतो आणि घरात पाऊल टाकताच हॉल त्याला अपेक्षेहून लहान वाटतो. खरा दर कार्पेटवर साधारण ७,५१६ रुपये आहे. हा दर योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. पण तो दर जाहिरातीतच वाचून आलेला माणूस घर शांतपणे पाहतो, आणि दारात आल्यावर ज्याला तो कळतो तो माणूस घर पाहतच नाही, तो केवळ खोल्या मोजतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण सगळे रेरा म्हणतो, कार्पेटची व्याख्या निश्चित केली आहे. घराच्या आतील भिंतींची जागा त्यात धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. आपल्या ग्राहकाने त्याच आठवड्यात पाथर्डी फाट्याला किंवा म्हसरूळला दोन-तीन नवे प्रकल्प पाहिलेले असतात, त्यामुळे त्याच्या डोक्यात हीच व्याख्या असते. आपला करारनामा या कायद्याच्या आधीचा आहे आणि त्या काळी कार्पेट मोजण्याची रीत प्रत्येक करारात एकसारखी नसे. म्हणून एखाद्या आर्किटेक्टकडून किंवा बँकेच्या यादीतील मूल्यांककाकडून घर एकदा मोजून घ्यावे, आणि जाहिरातीत 'प्रत्यक्ष मोजणीनुसार कार्पेट इतके, बाल्कनी वेगळी इतकी, इंडेक्स टूनुसार बांधीव ७८.०५ चौरस मीटर' असे तिन्ही आकडे नावानिशी लिहावेत. १०५० हा आकडा कुठेही ठेवू नये, कंसातसुद्धा नाही.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. या धंद्यात नवा असताना कॉलेज रोडवरच्या एका फ्लॅटच्या जाहिरातीत मी बांधीव क्षेत्र कार्पेट म्हणून टाइप केले. ठाण्याचे एक जोडपे, कडेवर लहान मूल, सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने नाशिक रोडला उतरले आणि तिथून रिक्षाने थेट घर पाहायला आले. त्या बाईंनी पर्समधून टेप काढली, हॉल मोजला, बेडरूम मोजली, बेरीज केली आणि एक शब्दही न बोलता तो कागद माझ्या हातात दिला. मी दिलगिरी व्यक्त केली, दुसरी दोन घरे दाखवतो म्हटले; ते 'नको, परतीची गाडी आहे' म्हणाले. परतीची गाडी संध्याकाळी होती. त्यानंतर इंडेक्स टू आणि मोजपट्टी या दोन गोष्टी समोर असल्याशिवाय मी जाहिरातीचा मजकूर लिहायला बसत नाही.

खोल्यांची मापेही द्यावीत आणि ती मंजूर नकाशावरून उतरवू नयेत. नकाशात १० फूट असलेली खोली प्लॅस्टर झाल्यावर ९ फूट ८ इंच भरते, आणि सहा फुटी पलंगाशेजारी कपाट बसेल की नाही हे त्या चार इंचांवर ठरते. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून, दारे कोणत्या बाजूला उघडतात हे दाखवणारा साधा आराखडा काढावा. वहीच्या पानावर पट्टीने काढला तरी चालेल, फक्त आकडे खरे हवेत. माझ्या अनुभवात असा आराखडा असलेल्या जाहिरातीवरून येणारे फोन संख्येने थोडे कमी असतात. पण फोन करणारा आपला सोफा मनातल्या मनात मांडूनच आलेला असतो.

याच ठिकाणी आपल्या घरातील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. पाचव्या छायाचित्रात हॉलच्या टोकाला स्लायडिंग खिडकी आहे आणि तिच्या अलीकडे जमिनीवर फरशीचा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली आहे, असा माझा कयास आहे. नाशिकमध्ये जुन्या इमारतींत हे घरोघरी झालेले आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण कर्जाच्या वेळी बँकेचा मूल्यांकक मंजूर नकाशा हातात घेऊनच येतो आणि हा फरक त्याला पहिल्या मिनिटात दिसतो. 'हॉलला जोडून घेतलेली बाल्कनी' असे जाहिरातीत स्वतःहून लिहिलेले असले, तर ती माहिती ठरते. मूल्यांककाने शोधून काढली, तर तीच गोष्ट भाव पाडण्याचे हत्यार ठरते.

किमतीबद्दल दोन शब्द. ५० लाखांवरचे ५१ हजार आपण शुभ म्हणून ठेवले आहेत, असे भाच्याने कळवले आहे. भावना समजते, मात्र या संकेतस्थळांवर ग्राहक किमतीचे टप्पे निवडून शोधतो आणि '५० लाखांपर्यंत' असा टप्पा निवडणाऱ्या कोणालाही आपले घर दिसतच नाही. ज्यांना दिसते ते ५० ते ६० लाखांच्या रांगेत पाहत असतात, जिथे आपल्या घराची तुलना नव्या इमारतींशी होते. किंमत उतरवू नये म्हणालो, त्याला एवढाच अपवाद: ४९ लाख ९० हजार लिहिले, तर तेच घर दुसऱ्या रांगेत जाऊन पहिल्या काहींमध्ये बसते. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर खरेदीदाराला एक टक्का आयकर कापून भरावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. त्यात गैर काही नाही, पण पहिल्यांदा घर घेणारी तरुण मंडळी त्या कागदपत्रांना घाबरतात आणि त्याबद्दल विचारतात. मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने ठरणारे मूल्यही यात पाहिले जाते, म्हणून वकिलाला विचारून उत्तर तयार ठेवावे. किंमत लिहिताना तिच्यात काय धरले आहे आणि काय नाही, म्हणजे सोसायटीचे हस्तांतर शुल्क, घरपट्टीची बाकी, पंखे-गिझर-किचन ट्रॉली, हे एका ओळीत सांगावे. 'निगोशिएबल' आणि 'अर्जंट सेल' हे दोन्ही शब्द काढून टाकावेत. पहिला शब्द न लिहिताही लोक घासाघीस करतातच, आणि दुसऱ्याने आपण अडचणीत आहोत असे आपणच जाहीर करतो.

मजकुरातील पुढचे वाक्य 'मुंबई नाक्यापासून फक्त ५ मिनिटे' असे आहे. रात्री अकरा वाजता हे खरे असेल. संध्याकाळी साडेसहाला इंदिरानगरच्या बोगद्यापाशी ज्याने एकदा गाडी थांबवली आहे, तो हे वाक्य वाचून हसेल आणि नाशिकबाहेरचा माणूस घर पाहायला येताना नेमका त्या बोगद्यातच अडकेल. वेळेऐवजी अंतर लिहावे आणि तेही नकाशावर रस्त्याने मोजून: रथचक्र चौकापासून इतके मीटर, जवळच्या बस थांब्यापर्यंत इतके, नाशिक रोड स्थानकापर्यंत इतके किलोमीटर. शाळा, दवाखाना, भाजीबाजार यांची नावे लिहायची असतील, तर चालत जाता येण्याजोगी तीनच लिहावीत. आपल्या यादीत सतरा नावे आहेत आणि त्यांत तपोवनही आहे. इंदिरानगरमधून कोणीही तपोवनात चालत जात नाही.

त्याच परिच्छेदातील 'समृद्धी महामार्गालगत' आणि 'कुंभमेळ्यामुळे दर दुप्पट होणार' ही दोन वाक्ये पूर्ण वगळावीत. समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जातो. शहरातील घराला तो लगत असू शकत नाही, आणि मुंबईचा ग्राहक त्याच रस्त्याने आलेला असेल तर त्याला हे चांगलेच ठाऊक असते. २०२६-२७ च्या सिंहस्थामुळे शहरात रस्त्यांची आणि घाटांची कामे होत आहेत हे खरे. परंतु भविष्यातील दराचे आश्वासन देणे हे विकणाऱ्याचे काम नाही, आणि गंभीर खरेदीदार असे वाक्य दिसले की बाकीचा मजकूरही त्याच तराजूत टाकतो.

'रेरा मान्यताप्राप्त' हे शब्दही चुकीचे आहेत. महाराष्ट्रात रेराची नोंदणी मे २०१७ पासून सुरू झाली आणि त्यापूर्वी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींना ती लागू नाही. आपल्या इमारतीला ती नाही आणि असण्याचे कारणही नाही. त्याऐवजी 'पूर्णत्वाचा दाखला २०११, प्रत उपलब्ध' असे लिहिले, तर ते अधिक वजनदार आहे. नव्या प्रकल्पांची गोष्ट निराळी आहे. तेथे जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता द्यावाच लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो, आणि जाहिरातीतील खोट्या विधानामुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर विकासकाला भरपाई देण्याची तरतूद कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. या नियमांमुळे ग्राहकांना जाहिरातीतला शब्द न् शब्द तपासण्याची सवय लागली आहे आणि तीच नजर घेऊन ते आपल्या जुन्या फ्लॅटची जाहिरातही वाचतात.

'२४ तास पाणी' याबद्दल आपल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारावे. महापालिकेचे पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, बोअरला मे महिन्यात पाणी राहते का आणि गेल्या उन्हाळ्यात टँकर किती आले, हे पाच प्रश्न मी प्रत्येक घराबाबत विचारतो. मिळालेली उत्तरे दोन ओळींत लिहिली, तर '२४ तास' या शब्दापेक्षा त्यांवर अधिक विश्वास बसतो. नदीकाठचे घर असते, तर मी पूररेषेचाही उल्लेख करायला सांगितला असता. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नाशिककराला निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय ते कोणी शिकवावे लागत नाही, आणि गोदावरीतील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आले की आपल्या दाराशी किती येते, हे काठावरची माणसे तोंडपाठ सांगतात.

पार्किंगच्या बाबतीत 'कव्हर्ड पार्किंग स्वतःचे' असे आपण लिहिले आहे. स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधील, जागा बिल्डरने सुटी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. त्यामुळे ती जागा आपल्याला सोसायटीच्या ठरावाने मिळाली आहे की केवळ वहिवाटीने वापरली जाते, हे सचिवांकडून पाहून घ्यावे. 'सोसायटीने वाटप केलेली एक झाकलेली जागा, क्रमांक अमुक, मध्यम आकाराची गाडी लागते' इतके लिहिणे पुरेसे आहे. गाडीच्या आकाराचा उल्लेख गमतीने केलेला नाही. मोठी गाडी असलेल्या ग्राहकाने घर पसंत करून शेवटी दोन खांबांमधले अंतर पाहून नकार दिल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

मजकुराच्या शेवटी ठरावीक समाजाच्या आणि ठरावीक आहाराच्या कुटुंबालाच घर देण्याविषयी एक ओळ आहे. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक जाहिरातीतून ती ओळ मी काढून टाकतो आणि आपल्यालाही तसेच करण्याची विनंती करतो. आपण तर घर विकून पुण्याला निघाला आहात.

आता छायाचित्रे. नऊपैकी पहिले छायाचित्र इमारतीच्या फाटकाचे आहे, त्यात चार दुचाकी, एक कचऱ्याचा डबा आणि शेजारच्यांच्या गाडीचा स्वच्छ वाचता येणारा क्रमांक आहे. शोधणाऱ्याच्या बोटाखाली आधी हेच छायाचित्र येते आणि बहुतेकांचे बोट तिथूनच पुढे सरकते. पहिली जागा हॉलला द्यावी. आपला हॉल पूर्वेकडे आहे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, पडदे बाजूला सारून, सर्व दिवे बंद ठेवून छायाचित्र घ्यावे. सध्याच्या छायाचित्रात खिडकीतून निळसर उजेड आणि छतावरून ट्यूबचा हिरवट उजेड एकत्र आल्यामुळे भिंतींचा मूळचा फिकट पिवळा रंग आजारी दिसतो. मोबाइलची काच रुमालाने पुसावी. ही सूचना फार किरकोळ वाटते, पण माझ्याकडे येणाऱ्या छायाचित्रांपैकी निम्मी काचेवरच्या बोटांच्या ठशांमुळेच धुरकट असतात. मोबाइल छातीच्या जरा खाली, साधारण चार फुटांवर, सरळ उभा धरावा, म्हणजे दाराच्या चौकटी तिरक्या पडत नाहीत. खोली मोठी दिसावी म्हणून 'अर्धा एक्स' या रुंद कोनाच्या भिंगाने घेतलेली छायाचित्रे वापरू नयेत. त्यात दहा फुटांची बेडरूम सभागृहासारखी दिसते, पलंग नावेसारखा लांबतो आणि क्षेत्रफळाच्या आकड्याने जो घोटाळा केला तोच पुन्हा होतो.

चौथ्या छायाचित्रात भिंतीवर कॅलेंडर आहे. मोठे करून पाहिले तेव्हा त्यावर गेल्या वर्षीचा फेब्रुवारी दिसला. घर चार महिन्यांपूर्वी विक्रीला काढल्याचे आपण सांगता. म्हणजे भाच्याने जुनीच छायाचित्रे वापरली असावीत. वाचणारा मात्र असा अर्थ लावतो की घर वर्षभरापासून पडून आहे, आणि ज्या अर्थी पडून आहे त्या अर्थी काहीतरी गडबड आहे. एका ग्राहकाने मला हे कॅलेंडरवरून, दुसऱ्याने दिवाळीच्या आकाशकंदिलावरून आणि तिसऱ्याने खिडकीबाहेरच्या बांधकामाच्या मजल्यांवरून दाखवून दिले आहे. नवी छायाचित्रे काढताना कॅलेंडर उतरवावे. त्यासोबत फ्रिजवर चिकटवलेली औषधांची चिठ्ठी, नातवंडांची छायाचित्रे, दारावरची नावाची पाटी आणि तिजोरीचे कपाट, हेही चौकटीबाहेर राहील असे पाहावे. आपण पुण्याला गेल्यावर घर बंद असणार आणि त्याची अंतर्गत रचना सगळ्या जगाला दिसत राहणार, हा विचार केलेला बरा. देवघर झाकण्याची गरज नाही. तिथे एक समई असली तर बिघडत नाही. आरशांसमोर उभे राहू नये, एवढेच सांगतो. आपल्या सातव्या छायाचित्रात न्हाणीघराच्या आरशात भाचा बनियनवर दिसतो.

छायाचित्रे निवडल्यावर ती भाच्याकडे व्हॉट्सॲपवर साधी पाठवू नयेत, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावीत; एरवी ती दाबून लहान होतात आणि मोठ्या पडद्यावर फुटतात. उजेड थोडा वाढवणे, चौकट सरळ करणे, इतपत सुधारणा चालते. हल्ली मोबाइलमध्ये बोट फिरवले की विजेचा खांब गायब होतो आणि रिकाम्या खोलीत सोफाही येऊन बसतो. रिकाम्या खोलीत काल्पनिक सोफा दाखवायचाच असेल, तर 'सजावट काल्पनिक' असे त्यावर लिहावे आणि शेजारी मूळ छायाचित्रही ठेवावे. खिडकीसमोरचा ट्रान्सफॉर्मर पुसणे मात्र शुद्ध फसवणूक आहे, कारण घर पाहायला आलेला माणूस पहिल्यांदा खिडकीपाशीच जाऊन उभा राहतो.

बेडरूमच्या आठव्या छायाचित्राबद्दल स्वतंत्रपणे लिहितो. ते डाव्या बाजूने इतके कापलेले आहे की कपाट अर्धेच दिसते, आणि सहाव्या छायाचित्रात दूरवर त्याच कोपऱ्यात फुगलेला रंग दिसतो. न्हाणीघराच्या भिंतीची ओल असावी. ओल असलेले घर विकले जात नाही, या भीतीने ते कापले असेल; पण आलेला प्रत्येक जण तो कोपरा पाहून गेला आहे आणि आपण कापलेले छायाचित्रही त्याला आठवले आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, खरेदीदाराला सहज न कळणारा आणि आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्यच आहे. येथे तर व्यवहाराचेही तेच सांगणे आहे. आधी प्लंबरकडून गळतीचा उगम शोधून दुरुस्ती करून घ्यावी, भिंत पूर्ण सुकू द्यावी, मगच रंग द्यावा. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पहिल्याच पावसात पापुद्र्यांनी सुटतो. दुरुस्तीचे बिल जपून ठेवावे आणि जाहिरातीत 'न्हाणीघरालगतच्या भिंतीची गळती अमुक महिन्यात दुरुस्त केली, बिल उपलब्ध' असे लिहावे. पावसाळ्यात घर दाखवायची वेळ आली, तर हा कोपरा स्वतःहून दाखवावा.

कागदपत्रांची छायाचित्रे जाहिरातीत टाकू नयेत. भाच्याने इंडेक्स टूचे पहिले पान टाकलेले आहे, ते आजच काढावे. त्यावर आपली व्यक्तिगत माहिती आहे. कोणती कागदपत्रे तयार आहेत याची एक ओळ पुरते: करारनामा, इंडेक्स टू, पूर्णत्वाचा दाखला, भागपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), चालू वर्षाची घरपट्टी, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र. इमारतीच्या जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे ती बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हा प्रश्न हमखास येतो, म्हणून त्याचे उत्तर सचिवांकडून लेखी घेऊन ठेवावे. कर्ज बाकी असेल तर तेही लिहावे. त्याने कोणी पळून जात नाही.

राहता राहिली नकाशावरील खूण. आपली खूण आपल्या इमारतीवर नाही, तर सारख्याच नावाच्या दुसऱ्या इमारतीवर, वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या पलीकडे पडली आहे. नाशिकमध्ये 'साई' आणि 'समर्थ' या नावांनी सुरू होणाऱ्या इमारती किती असतील याची गणती नाही, म्हणून नाव टाइप करून मिळालेल्या खुणेवर विसंबू नये. फाटकासमोर उभे राहून खूण स्वतः ठेवावी. नेमका फ्लॅट क्रमांक जाहिरातीत नको, तो फोन करणाऱ्याला सांगावा.

शेवटी एक शोध आपण स्वतः करावा, जो मी काल रात्री केला. आपल्या इमारतीचे नाव आणि 'दोन बेडरूम' असे तिन्ही संकेतस्थळांवर शोधले असता, हाच फ्लॅट मला पाच वेळा सापडला: भाच्याने टाकलेला तीनदा, ५० लाख ५१ हजारांना, एका एजंटाने टाकलेला ५३ लाखांना, आणि दुसऱ्याने टाकलेला ४८ लाखांना, चौथ्या मजल्यावर. घर पाहून गेलेल्यांपैकी कोणी ४८ लाखांची जाहिरात पाहिली असेल, तर त्याने पुन्हा फोन का केला नसेल हे सांगायला नको. दोन्ही एजंटांना लेखी निरोप पाठवून जुन्या जाहिराती उतरवायला लावाव्यात, त्या उतरल्याची खात्री आठवडाभराने पुन्हा शोध घेऊन करावी, आणि नंतरच नवी जाहिरात टाकावी. तोपर्यंत मोजणी आणि भिंतीची दुरुस्ती होईल. नव्या जाहिरातीत एकच फोन क्रमांक द्यावा आणि तो उचलणाऱ्याच्या हाताशी वरील सर्व आकड्यांचा एक कागद ठेवावा. सध्या भाचा १०५० सांगतो आणि आपण फोनवर 'असेल हजारेक' असे सांगता, हे मी स्वतः ग्राहक म्हणून फोन करून ऐकले आहे, त्याबद्दल क्षमस्व. मोजणीचा कागद हाती आला की त्याची प्रत आणि नवा मजकूर मला पाठवावा, मी तो वाचून कळवीन. विसार घेतला की त्याच दिवशी तिन्ही ठिकाणची जाहिरात बंद करायला मात्र भाच्याला आत्तापासूनच सांगून ठेवावे.